चौथा भाग कशाचा?

शिवाजी पेठेतल्या आकाराम मास्तरांनी एकदा म्हशीला अपूर्णांक शिकवले, तेव्हापासनं ती नेमकं पावणेतीन लिटरच दूध देते, असं पेठ सांगते. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा. निशिगंधाचा मात्र मास्तरांवर पुरा विश्वास. छत्तिसाव्या वर्षी ती बाहेरून दहावीला बसली होती. दवाखान्यात फरशी पुसते तिथंच नोंदणीची खुर्ची रिकामी होणार होती; तिच्यावर बसायला दहावी पास पाहिजे.

मास्तरांनी गणित तिच्या घरचंच घातलं. "जत्रंला मटणाची ताटं वाढली. तिसरा भाग पावण्यांनी खाल्ला, चौथा भाग घरच्या गड्यांनी. पाच ताटं उरली. एकूण किती?"

तिनं क्ष मांडला, पेन चावलं. "धा."

"बारा! क्ष वजा क्ष भागिले तीन, वजा क्ष भागिले चार. छेद बारा. बारातलं पाच भाग म्हंजे पाच ताटं, तर अख्खं बारा. धा कुठनं आणलीस?"

"पावणं उठल्यावर जे ऱ्हातंय त्यातलाच चौथा की, गुरुजी. अख्ख्यातनं कोण वाटणी करतंय?"

मास्तर असे हसले, की समोरच्या तालमीतले पैलवान जोर मारायचे थांबून बघायला आले. "तुला उरल्यालंच दिसतंय! भाग अख्ख्याचाच असतोय. शंभर डाव लिव्ह."

तिनं लिहिलं. अख्ख्याचा, अख्ख्याचा. लिहिताना तिला बरंही वाटलं.

परीक्षेत आलं: पुस्तकाचा तिसरा भाग पहिल्या दिवशी वाचला, उरलेल्याचा चौथा भाग दुसऱ्या दिवशी, साठ पानं राहिली. तिनं चटकन एकशेवीस काढलं. मग मास्तरांचं हसणं आठवलं आणि तिनं ते खोडलं. एकशे चव्वेचाळीस लिहिलं. छेद नीट सुटला, म्हणून तिला खात्रीच पटली.

दहावी दोन मार्कांनी गेली.

प्रश्नपत्रिका घेऊन ती मास्तरांकडं आली. त्यांनी चष्मा पुसून वाचली. "हितं 'उरलेल्याचा' लिव्हलंय की! वाचायचं कुणी?"

"वाचलं हुतं. बरोबर बी आलतं. तुमच्यापायी खोडलं."

मास्तरांनी घसा खाकरला. "जुलैला परत बस."

"खुर्ची काल भरली, गुरुजी."

ती पायऱ्या उतरली. "पर छेदाची रीत शिकलीस न्हवं!" मास्तर दारातनं ओरडले.

तिनं मागं बघितलं नाही. तीनची पाळी होती, आणि तिन्ही मजल्यांची फरशी अख्खी तिच्याच वाट्याला होती.