आमच्या घरचा उच्चार

लोउ बिंगवनने घरातली पूजाविधींची पोथी पुन्हा पेटीत ठेवली आणि बाजारातून आणलेली तिचीच छापील प्रत बाहेर काढली. घरातल्या पोथीत वडिलांच्या नावाच्या अक्षराची शेवटची रेघ त्याने स्वतःच गाळली होती. वडिलांचे नाव पुरते लिहायचे नाही, ही रीत. ती पोथी पुढे ठेवली असती, तर अक्षर कोणते हे या लबाडाला आयतेच कळले असते. बिंगवन काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

लबाड समोर चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसला होता. नाव युनशंग, वय तिशीचे, पायात गवताचे जोडे. चार दिवसांपूर्वी तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, मी तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा. बाबा गेले. वंशावळीत त्यांचं नाव परत घाला.

धाकटा बिंगलिन बत्तीस वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून गेला होता. गेल्या छपाईत वडिलांनी त्याचे नाव गाळायला लावले आणि ते घरात कुणी उच्चारायचे नाही असेही बजावले. नाव नाही म्हणजे पितरांच्या देवळात पाटी नाही, आणि पाटी नाही म्हणजे मेल्यावरही बेघर. आता तीस वर्षांनी वंशावळ पुन्हा छापली जात होती. लाकडी ठसे घेऊन गावोगाव फिरणारा दोंग महिनाभर तळ ठोकून होता.

"काय ते दुपारपर्यंत सांगा," दोंग ठशांच्या खोक्यातून मान वर न करता म्हणाला. "उद्या मी पुढच्या गावाला. मग तीस वर्षांनी भेटू, जगलोवाचलो तर."

युद्धानंतर असे पुतणे पुष्कळ उगवले होते. गेल्या वर्षी एक आला तो आजोबांच्या नावापासून थडग्याच्या दिशेपर्यंत सगळे पाठ करून. तीन महिने जेवला आणि डुकराच्या दोन खारवलेल्या तंगड्या घेऊन पसार झाला. याचे नाक थेट धाकट्या भावजींसारखे आहे, असे बायको म्हणाली तेव्हा बिंगवन फिस्कारला होता, "नाकं काय, सगळ्यांनाच असतात."

"वाचता येतं ना?" त्याने विचारले.

"बाबांनी शिकवलंय, मोठे काका."

"काका मागाहून म्हण. आधी वाच. इथून."

पान पितरांच्या पूजेविषयीचे होते, आणि त्यात ते अक्षर होते. एकाच अक्षराचे तीन उच्चार: आनंद म्हणायचा असेल तर 'ल', संगीत असेल तर 'य्वे' आणि आवड असेल तर 'याव'. वडिलांचे नाव मधल्या उच्चाराचे, आणि या पानावरही अर्थ संगीताचाच. खरा नातू तिथे थबकणार, आजोबांचे नाव टाळून 'अमुक' म्हणणार आणि पुढे जाणार. पाठांतर कुणीही करील, पण वाचताना जीभ आवरायची सवय लहानपणीच लागावी लागते.

युनशंग स्वच्छ वाचत होता. बिंगवनचे बोट ओळीवरून सरकत होते. अक्षर आले.

"याव," युनशंगने वाचले आणि न थांबता पुढे गेला.

बिंगवनने पोथीवर थाप मारली. सापडला! 'अमुक' तर नाहीच, वर साधा अर्थही कळत नाही.

"थांब! घंटा वाजताहेत, ढोल वाजताहेत, मग तिथे आवड कुठून आली? 'याव' नव्हे, य्वे! एवढी अक्कल नाही आणि निघालास लोउंचा नातू व्हायला! दोंग, ऐकलंत ना? य्वे!"

दोंगचा हात खोक्यात तसाच राहिला. युनशंग ताडकन उभा राहिला; चहा कलंडून पोथीवर सांडला. वडीलधाऱ्याचे नाव कानावर पडले की मुलानातवांनी उठून उभे राहायचे, ही रीत गावात आता फारसे कुणी पाळत नसे. तो मान खाली घालून उभा होता.

"मोठे काका," तो हळूच म्हणाला, "आजोबांचं नाव आहे ते."

बिंगवनने तोंडावर हात ठेवला. साठ वर्षांत जे ओठांवर आले नव्हते, ते आज दोनदा, परक्या माणसादेखत.

"मग... मग 'अमुक' का नाही म्हणालास?"

"आजीला चालायचं नाही म्हणे. अमुक काय, चोरालाही म्हणतात. म्हणून अर्थ कुठलाही असो, आमच्या घरी 'याव'च म्हणायचं. शाळेत मार खायचे बाबा त्यापायी."

चुलीवर भाकऱ्या वाफवणारी आई, पिठाचे हात, आणि तिच्यापुढे बसून 'याव, याव' घोकणारी दोन पोरे. बिंगवन हे पार विसरला होता. मास्तरांच्या दुसऱ्या छडीलाच त्याने 'अमुक' म्हणायला सुरुवात केली होती. धाकट्याचे तळहात वर्षभर सुजलेले असत.

त्याने स्वतःच्या बाहीने पोथीवरचा चहा टिपला. फार वेळ टिपत राहिला.

"बस," तो अखेर म्हणाला. "उभा काय राहिलास?"

दोंग खाकरला. "मग काय करू? तुमच्या नावाशेजारची जागा मोकळी ठेवू की..."

"मोकळी कशाला," बिंगवन म्हणाला. "जुळवा ठसे. लोउ बिंगलिन."

युनशंग नुकता कुठे टेकत होता. तो पुन्हा उभा राहिला.