गाळलेली स्लाइड

जर्मनीत, एर्लांगेनमधल्या त्या अमेरिकी इतिहासाच्या संस्थेत मराठी माणसं दोनच, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं हे वेगळं सांगायला नको. कपिलदादा तिथे बारा वर्षं मुरलेले. सुकन्या पीएचडी करत होती आणि तिचा करार महिनाअखेरीस संपत होता. तो वाढणार की नाही, हे आजच्या व्याख्यानानंतर कपिलदादांच्या शिफारशीवर ठरणार होतं. विषय होता, वॉशिंग्टन राज्याच्या इतिहासातले ठळक प्रसंग.

"आल्झो, म्हणजे असं बघ, ती १९०७ची स्लाइड काढून टाक," दादा आठवडाभर मागे लागले होते. "झालं ते वाईटच. पण ते पंजाबी होते गं! गोऱ्यांच्या देशात राहून गोऱ्यांनाच कशाला सुनावायचं?"

सुकन्यानं ऐकलं नाही. तरी काल फाइल मात्र तिनं त्यांनाच तपासायला दिली. एकदा दादा म्हटलं की विश्वास टाकायचा, हा आपल्या लोकांचा जुना खुळेपणा.

व्याख्यान छान चाललं होतं. १८८९, राज्याचा दर्जा. तिनं बटण दाबलं आणि पडद्यावर एकदम १९१० आलं, बायकांचा मताधिकार. मधली स्लाइड गायब! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या रांगेत दादा निवांत चष्मा पुसत होते.

तिनं पडद्याकडे पाठ केली आणि तोंडीच सांगायला लागली. बेलिंगहॅम गाव, ४ सप्टेंबर १९०७. शेकडो गोऱ्यांचा जमाव. लाकडाच्या गिरण्यांतल्या भारतीय, बहुतेक पंजाबी, मजुरांना खोल्यांतून ओढून काढलं, मारलं, लुटलं. काही दिवसांत गावात एकही उरला नाही.

"याची स्लाइड का नाही?" श्रोत्यांतल्या एका प्राध्यापकबाईंनी विचारलं.

"डॉक्टर कपिल यांनी काढली."

सगळ्या माना वळल्या. दादा लालबुंद झाले आणि मराठीत पुटपुटले, "मूर्ख मुली, तुझ्या भल्यासाठीच काढली. आता शिफारस विसर."

सुकन्यानं ते जर्मनमध्ये जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. करार गेला हे तिला कळलं होतं. पण तिला आता थांबायचं नव्हतं.

"त्या रात्री पोलिसांनी जमावाला आवरलं नाही," ती म्हणाली. "मजुरांनाच नगरभवनाच्या तळघरात नेऊन ठेवलं. म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी."