ज्येष्ठमधाचा सातवा गुण

मी लेखक आहे. हसू नका. माझं लेखन घराघरांत पोचलंय, फक्त वाचक ते कात्रीनं कापतात, आतली मुळी काढून घेतात आणि बाकीचं केरात टाकतात. जडीबुटीच्या एका दुकानात मी पाकिटांवरचा मजकूर लिहितो. 'उपयोग व फायदे' या मथळ्याखाली जे छापलेलं असतं ना, तो सगळा माझा पराक्रम. वैद्यकीचं शिक्षण विचाराल तर शून्य. मालकांकडे दोन जुनी पुस्तकं आहेत, त्यांतून उतरवायचं आणि वर थोडं तिखटमीठ लावायचं.

आमच्या पाकिटांची एक रीत आहे. मागच्या बाजूला चौकट, चौकटीत सात ओळी. मुळी कुठलीही असो, गुण सातच. कुणाला पंधरा असले तर आठ कापायचे, कुणाला चारच असले तर तीन पैदा करायचे. पहिल्यांदा मला याची लाज वाटली होती. दुसऱ्यांदा नाही वाटली.

ज्येष्ठमधाच्या वेळी मी सहा ओळींपर्यंत अगदी सचोटीनं गेलो. घशाची खवखव, कोरडा खोकला, बसलेला आवाज, छातीतली जळजळ, तोंड येणं, आणि सहावा गुण म्हणून 'चवीला गोड'. आता चव हा काय गुण झाला? पण मालक काही बोलले नाहीत. सातवी ओळ मोकळी. छपाईवाला स्कूटर चालूच ठेवून दारात उभा.

"आटपा हो पंडित, मशीन थांबलंय तिकडे."

आदल्या दिवशीच ताईचा फोन आला होता, तिची रक्तदाबाची गोळी आणायची होती. तेच डोक्यात घोळत होतं. लिहून टाकलं, 'रक्तदाब आटोक्यात ठेवते'. उचलली लेखणी, लावली कागदाला! स्कूटर गेली आणि मी चहा प्यायला गेलो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कपडे सैल-घट्ट करून देण्याचं तिचं छोटं दुकान आहे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, शिकवलं, आणि त्याचं हे असं फळ मिळालं. माझ्या बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. मी "निघालोच" म्हटलं की ती आणखी दोन पँटी उसवायला घेते. तर अशी ही बाई माझं पाकीट वाचून काही करेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तीन महिन्यांनी तिचा फोन आला. पाय सुजलेत, डोकं ठणकतंय, सुईत दोरा जाईना. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, भुवया वर केल्या आणि पुन्हा मोजला.

"गोळ्या चुकवता का?"

"एकही नाही."

"मग नवीन काही घेताय?"

ताईनं पिशवीतून आमचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "याचा काढा. दोन महिने झाले, सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटून वाचलं. सातव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलंय?"

ताई खुर्चीत ताठ झाली. "माझ्या भावानं. हा काय, इथेच बसलाय."

मी इतका बारीक झालो की त्या पाकिटात मावलो असतो. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत सावकाश म्हणाल्या, "ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढतो. पायांवर सूज येते. आणखी असंच चाललं असतं तर झटका आला असता यांना. आजपासून बंद."

आता ताईनं घाबरायला हवं होतं की नाही? ती उलट त्यांच्यावरच उखडली. "तो पुस्तकं बघून लिहितो. छापलेलं आहे हे. तुमचंच काहीतरी चुकत असेल." आणि पाकीट उचलून पिशवीत परत टाकलं. घरी जाऊन ती काढा उकळणार, यात मला शंका उरली नाही.

छपाईवाल्याची चूक आहे, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यानं काम झालंही असतं. मी तोंड उघडलं आणि काय झालं कोण जाणे, खरं तेच बोललो.

"ताई, ते मी मनानंच लिहिलंय. पुस्तकात नाही. एक ओळ मोकळी राहिली होती."

मला वाटलं, आता कान उपटते. पण तिनं पाकीट पिशवीतून पुन्हा बाहेर काढलं.

"मला तो गोड काढा सोसत नाही," ती म्हणाली. "नाक दाबून प्यायचे. मला वाटलं, माझी आठवण ठेवून लिहिलंयस."

आठवण ठेवूनच लिहिलं होतं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? रडू येत होतं, ते खोकल्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी मालकांशी कडाक्याचं भांडलो. सहाच ओळी ठेवल्या तर चौकट भुंडी दिसते, हा त्यांचा मुद्दा. शेवटी सातवी ओळ मीच दिली, 'रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये'. दुकानातल्या सगळ्या पाकिटांवर मी स्वतः चिठ्ठ्या डकवल्या. गल्ल्यावर पाटी लावली, विकलेली पाकिटं परत मागवली. बोटांना डिंक चिकटलेला असतानाच एक पाकीट घेऊन ताईकडे गेलो. शाबासकी मिळेल अशी आशा होती, खोटं कशाला बोलू.

ताईनं मशीन थांबवलं, चष्मा लावला, नवी ओळ दोनदा वाचली.

"बरोबर लिहिलंय ना ग?" मी विचारलं.

तिनं फोन उचलला, माझ्यादेखत डॉक्टरीणबाईंना लावला आणि ती ओळ एकेक शब्द सुटा करून त्यांना वाचून दाखवली.

"बरोबर आहे म्हणतात," फोन ठेवून ती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.