ओकच्या बीवरची गाठ

मित्रांनो, मी एक म्हातारी गाठमाशी आहे. म्हातारी म्हणजे नऊ महिन्यांची, आणि ते जवळजवळ सगळे मी एका अंधाऱ्या खोलीत काढले. आकाराने तांदळाच्या दाण्याएवढी. आजवर कुणाला नांगी मारून रडवलेलं नाही. तरी तुमच्यासमोर मान वर करून बोलायला मला लाज वाटते.

इंग्लंडमधल्या एका गावात, तळ्याकाठच्या जुन्या ओकच्या कोवळ्या फळात माझ्या आईने जूनमध्ये अंडं घातलं. माझ्यामुळे त्या फळाची एक बाजू फुगली आणि वेडीवाकडी, चिकट गाठ झाली. झाडाने बीसाठी पाठवलेलं अन्न मी आत बसून मिटक्या मारत खाल्लं. फांदीफांदीवर माझ्या बहिणीही तेच करत होत्या. झाडाचं काय होईल, हा विचार आमच्यापैकी एकीच्याही मनात आला नाही.

झाडाचे तर दिवस भरले होते. खोड आतून पोकळ झालेलं, त्यात उन्हाळ्यात एक मोठी फांदी शाळेच्या कुंपणावर कोसळली. पानगळीनंतर झाड तोडायचं ठरलं. त्याच्या जागी त्याचंच रोप लावायचं, दुसऱ्या झाडाचं चालणार नाही, असा हट्ट गावातल्या सत्तरीच्या हेस्टर थर्कल यांनी धरला. पण त्याचं हे शेवटचं पीक होतं, आणि ते आम्ही खाऊन बसलो होतो.

ऑक्टोबरात पबच्या अंगणात हेस्टरबाईंनी बादलीभर पाण्यात गळलेली फळं टाकली. चांगलं बी बुडतं, पोकळ तरंगतं. फळांमागून फळं तरंगत राहिली.

"हेस्टर, बदकं पाळलीस की काय? सगळी पोहायलाच लागली!" झाड तोडणारा नेड पॉबजॉय म्हणाला.

"तू आपल्या करवतीला तेल घाल. हे बघ, एक बुडालं!"

ते माझं होतं.

"अगं, अर्धी गाठच आहे त्याला. ते कसलं रुजतंय!"

"माझाही एक गुडघा असाच आहे. चालते ना मी?"

"निदान गाठ तरी खरवडून टाकू."

"नको रे, बी फुटेल."

तेवढ्यावर मी वाचले. नेड मात्र गप्प बसेना. "या माशीला दोन झाडं लागतात. वसंतात तुर्की ओक, उन्हाळ्यात आपला ओक. शेजारी शेजारी मिळाले की हिचं फावतं. रस्त्यापलीकडे तो तुर्की ओक लावायची बुद्धी कुणाला झाली देव जाणे!"

हेस्टरबाईंनी बादलीतून हात बाहेर काढला. "माझ्या बाबांना. लवकर वाढतो म्हणून, शोभेला. रोज पाणी मी घालायचे."

नेडने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

बाईंनी बी बिस्किटांच्या डब्यात, ओल्या पालापाचोळ्यात ठेवलं. दर रविवारी झाकण उघडून त्या त्याच्याशी बोलायच्या. "जमेल तुला. घाई नाही." गाठीत बसून मी ते ऐकायचे. ज्याचं ताट मी ओढून घेतलं, त्यालाच त्या धीर देत होत्या. मला तोंड लपवावंसं वाटायचं, पण आधीच लपलेल्याने आणखी कुठे लपायचं?

मार्चमधल्या एका सकाळी मी गाठ पोखरून बाहेर आले. त्याच वेळी बाईंनी झाकण उघडलं. बीला मूळ फुटलं होतं. पांढरं, बोटाच्या पेराएवढं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यांना मी दिसले.

त्यांनी मला बोटावर घेतलं. अंगठ्याने चिरडलं असतं तर मी तक्रार केली नसती.

"तूच होतीस होय ती? जा बाई. तुझं घर तर आम्हीच बांधून ठेवलं."

खिडकी त्यांनीच उघडली. मी सरळ रस्त्यापलीकडे उडाले आणि त्यांच्या बाबांच्या झाडावर अंडी घातली. मित्रांनो, मला दुसरं काही येतच नाही. पण चिरडली गेले असते त्यापेक्षा ही माफी मला जास्त लागली.

आज माझे पंख थकून गेलेत. पलीकडे, तोडलेल्या ओकच्या बुंध्याशेजारी, हेस्टरबाई गुडघा धरून खाली वाकल्यात आणि मूळ फुटलेलं ते बी लावायला नेड खड्डा करतोय. त्या रोपाला फळं यायला चाळीस वर्षं लागतील. तोवर बाई नसतील, आणि माझ्या पोरींच्या पोरी त्याची वाट बघत असतील. मी त्यांना सांगू शकत नाही. तुम्हाला सांगते. झाड लावताना ते किती लवकर वाढतं एवढंच पाहू नका, त्याच्या शेजारी कोण उभं आहे तेही पाहा. आणि त्या रोपाला पहिलं फळ आलं, तर ते आमच्या आधी तुम्ही जाऊन बघा.