रेघेच्या आत, फोटोच्या बाहेर

मी फिल्मचा कॅमेरा बोलतोय. तुम्ही एक डोळा मिटून माझ्याजवळ आलात की मला आधी शंकाच येते. दोन डोळ्यांनी जे धड दिसत नाही, ते एकानं काय दिसणार?

माझी घडणच संशयी. भिंग एकीकडून बघतं आणि माणूस शेजारच्या छोट्या खिडकीतून. दोघांचं एकमत राहावं म्हणून खिडकीत उजळ रेघांची चौकट दिसते. रेघांच्या आतलं फिल्मवर उतरतं, बाहेरचं नुसतं डोळ्याला दिसतं. एवढं साधं, तरी माझ्या पहिल्या दोन मालकांनी लोकांची डोकी छाटली आणि दोष मला दिला.

तिसरा मालक देवेंद्र, वसईचा वाडीवाला. जुन्या बाजारातून त्यानं मला आणलं, पुसलं आणि रेघा नीट समजून घेतल्या. माणूस हुशार. म्हणूनच पुढं मला त्याचा संशय आला.

त्याच्या आईला, आनंदीबाईंना, ऐंशी वर्षं पूर्ण झाली. केळीसमोर खुर्ची मांडली, घरची माणसं भोवती उभी राहिली. आईंच्या मागे उजव्या टोकाला मनोरमावहिनी, देवेंद्रच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. नऊ वर्षं आईंचं सगळं तिनंच केलेलं. देवेंद्रनं रेघा पाहिल्या आणि खटका दाबला.

महिन्याभरात आई गेल्या. दिवसकार्य झाल्यावर फोटो धुऊन आला. सगळे होते, वहिनी नव्हती. आईंच्या खांद्यावर तिचा हात तेवढा आला होता, मनगटापुरता.

घरात नेमकं वाडीच्या वाटणीचं बोलणं चाललेलं. वहिनीनं फोटो बघून पालथा ठेवला.

"डाव्या बाजूच्या केळीला जागा आहे, मला नाही. आज फोटोतून काढलंत भावोजी, उद्या सातबाऱ्यातून काढाल."

"वहिनी, तुम्ही रेघेच्या आत होतात! आईशपथ!"

"गेलेल्या माणसाची शपथ घेऊ नका."

मलाही पटलं नाही. रेघा कळणारा माणूस चुकतो कसा? पाणी कुठंतरी मुरत होतं. वहिनीनं कामणला भावाकडे कायमचं जायला पिशवी भरली.

देवेंद्रची मुलगी हेमांगी मात्र माझ्यावरच उखडली. "काकी, थांब ना जरा. हा कॅमेराच फ्रॉड असेल."

माझा केवढा अपमान! तिनं मला ओट्यावर स्टुलावर ठेवलं, माझी पाठ उघडली आणि फिल्मच्या जागी बटरपेपर चिकटवला. बापाला समोर उजवीकडे उभं केलं.

"काकी, खिडकीतून बघ. बाबा कुठे आहे?"

"रेघेच्या आत."

भिंगामागचा पडदा उघडा राहावा म्हणून हेमांगीनं खटका दाबून धरला आणि काकीच्या डोक्यावरून चादर टाकली. "आता कागदावर बघ."

कागदावर विहीर उलटी उमटली होती, केळी उलट्या. वहिनी बराच वेळ चादरीखाली होती.

"अगं, भावोजी तर कुठंच नाहीत!"

तेव्हा मला त्या फोटोआधीची राजोडीची सहल आठवली. स्कूटरवरून मी दगडावर पडलो होतो. काच शाबूत होती, म्हणून मी मिजाशीतच राहिलो. रेघा तेव्हाच सरकल्या असणार. मला सगळ्यांचे डोळे दिसतात, माझी खिडकी कधी दिसत नाही. मी फार शरमलो.

"भावोजी, मी नको ते बोलले," वहिनी म्हणाली.

"ते जाऊ द्या हो. पण तो फोटो आता परत कसा काढू?" देवेंद्रला रडू फुटलं. "आई कुठून आणू?"

वहिनीनं फोटो उचलून सरळ केला. आईंच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"लावा भिंतीवर. नऊ वर्षं त्यांना माझा एवढा हातच तर लागत होता."

पिशवी रिकामी झाली. मी आता दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडा पडलोय, माझे स्क्रू बशीत आहेत. रेघा जागेवर येतील म्हणतो तो. मला शंका आहे. तुमच्याही फोटोत घरचं कुणी दिसलं नाही, तर आधी संशय माझ्यावर घ्या. मला तो सोसतो. माणसांना सोसत नाही.