घोटा नऊ इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात लोंबत असते ना, ती. दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या आणि अंगावर साठ इंचांचे आकडे, त्यातले निम्मे आता पुसट झालेत. माझं सगळं आयुष्य मापं घेण्यात गेलं आणि एकाच मापात मी चुकले. ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही, पण ऐका.

आमच्या मास्तरांनी दुकान उघडलं, त्या दिवशी त्यांच्या उस्तादांनी मला त्यांच्या गळ्यात घातलं. तेव्हा मी पिवळीधमक होते. छाती, कंबर, बाही, दिवसातून शंभरदा मी उलगडत असे. मास्तरांच्या कोटाला खांद्यावर सुरकुती दाखवा, असं गिऱ्हाइकं पैजेवर सांगत आणि मी उगाच ताठ होत असे.

पण कापडाची टेप ओढून ओढून सैल पडते. तिचे इंच लांबतात, मग नऊ भरायला हवेत तिथे साडेआठ भरतात. मास्तरांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी गिऱ्हाइकांसाठी नवी टेप आणली. पण त्यांना मला टाकून देववेना, म्हणून मी नुसतीच त्यांच्या गळ्यात राहिले. म्हातारीला घरात कोपरा मिळावा, तसं.

मग मास्तरांची किडनी बिघडली. काम अठरा टक्क्यांवर आलंय, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातल्या एका सिस्टरांचं कामच असं होतं, की डायलिसिसच्या मशीनवर जायच्या आधीच माणसाला नवी किडनी मिळवून द्यायची. त्यांनी मास्तरांना आणि घरच्यांना समोर बसवून सगळं समजावलं.

"तपासण्यांना महिने लागतात. म्हणून तब्येत बरी आहे तोवरच सुरुवात करायची."

बायकोचा रक्तगट जुळेना. मोठी बहीण, म्हणजे ताई, तिथेच म्हणाली, "माझी घ्या. याला कडेवर घेऊन वाढवलंय मी. एका किडनीचं काय ओझं?" तिचा रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मास्तर काही हलेनात. "मी हिंडतोय, फिरतोय, शिवतोय. ताईच्या पोटाला आत्ताच कशाला कात्री लावायची? आधी कच्ची शिलाई, मग पक्की. मशीन लागलं की बघू."

"मास्तर, इथे कच्ची शिलाई नसते हो," सिस्टर म्हणाल्या. मास्तर हसले आणि विषय बदलला.

त्यांनी मनाशी एक खूणगाठ बांधली होती. किडनी खरंच गेली की पायाला सूज येते, असं कुणाकडून तरी त्यांनी ऐकलं होतं. मग रोज सकाळी दुकान उघडलं, की स्टुलावर पाय ठेवायचा आणि घोट्याचं माप घ्यायचं. तेही माझ्यानं! पहिल्या दिवशी नऊ इंच भरले. त्यांनी भिंतीवर खडूनं नऊ लिहिलं आणि खाली एक रेघ ओढली. माप तेवढंच राहिलं, की रोज नवी रेघ.

सिस्टरांचे फोन यायचे. "रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा वाढतोय, म्हणजे किडनी आणखी बिघडतेय. ताईंना कधी आणताय?" मास्तर म्हणायचे, "सूज कुठंय? घोटा नऊच आहे." एकदा सिस्टर स्वतः दुकानात आल्या. सूज आली नाही म्हणजे किडनी बरी आहे असं नसतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली आणि सिस्टर गेल्यावर मला घोट्याला गुंडाळलं.

मला कळत होतं हो. माझ्याखाली मांस मऊ लागत होतं. मास्तर मला दिवसेंदिवस जास्त ओढत होते, मी त्या मांसात रुतत होते, ताणली जात होते आणि नऊच दाखवत होते. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. रेघा वाढत वाढत खिडकीपर्यंत गेल्या. दीड वर्ष गेलं.

एके सकाळी कोट कापता कापता मास्तरांना धाप लागली आणि ते टेबलावरच कोसळले. दवाखान्यात घाईघाईनं मशीन लावावं लागलं. त्यासाठी मानेत नळी घातली. मी जिथे रुळायचे, अगदी तिथेच.

ताई दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तपासणीला हजर झाली. पण मधल्या काळात तिला मधुमेह जडला होता. तिची किडनी घेता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती भांडली, रडली, सिस्टरांचे हात धरून म्हणाली, "तेव्हा चालली असती ना माझी?" सिस्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि आधी दोन घास खायला लावले.

आता कुणाची तरी मरणोत्तर दान केलेली किडनी मिळावी, म्हणून मास्तरांचं नाव एका लांबलचक यादीत आहे. आठवड्यातून तीनदा ते मशीनवर जातात. घरी आले, की कात्री धरायलाही हातात बळ नसतं.

परवा त्यांच्या बायकोनं दुकानातल्या टेबलावर मला नव्या टेपशेजारी पसरलं. माझा नऊ तिच्या साडेनऊच्याही पुढे गेला होता. तिनं मास्तरांकडे नुसतं पाहिलं.

"ठाऊक होतं मला," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाला मी ही टेप कधी लावली असती का?"

बायकोनं मला गुंडाळून खणात ठेवलं.

मित्रांनो, मी कापडापुरती होते. तुमच्या घरी कुणाच्या किडनीबद्दल डॉक्टर बोलले असतील, तर माझ्यासारखीला विचारू नका. रक्तातला आकडा विचारा. देणारं माणूस तयार असेल, तर लगेच त्याचा हात धरून तपासणीला न्या. मशीन लागायची वाट पाहू नका. देणाऱ्याचं शरीरही तुमच्यासाठी थांबून राहत नाही.

खणाच्या फटीतून मला भिंत दिसते. मास्तर मशीनवर असतात तेव्हा कधी कधी ताई येऊन त्या रेघांसमोर बसते. एक एक रेघ बोटानं मोजत जाते आणि मध्येच थांबून म्हणते, "या दिवशी तर मी चांगली होते रे."