गाठीच्या सालानंतरचं सारवण

शेणाची पाटी सकाळपासून अंगणात वाळत पडली होती आणि द्वारकाबाईचा घरात पत्ता नव्हता. हळद शिजवायच्या भट्टीवरून तापलेला संतराम भाकरीसाठी घरी आला, तर दार सताड उघडं, चूल थंडगार, आणि भुईवर शेजारच्या कोंबड्या हिंडत होत्या. त्यानं कोंबड्या हाकलल्या, दार ओढलं आणि तसाच नाल्यापलीकडच्या वावरात गेला. बायको खोपीच्या तोंडाशी बसली होती.

“सारं गाव घरात जाऊन म्हैना झाला. तू काहून इथं येऊन बसून राहिली?”

“वारं लागतंय इथं.”

“आन् घर?”

“घर कुठं पळून चाललंय?” असं म्हणत ती उठली, घराकडं चार पावलं गेली, आणि तिथूनच विहिरीकडं वळली. तिला एका जागी टिकवतच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात वसमतच्या अंगानं गाठीचा आजार आला आणि गावात उंदीर मरून पडायला लागले. पहिला उंदीर पडला तो द्वारकाबाईच्याच चुलीपुढं. नव्या सुनांना सासवा ज्या बाईचं घर बघून यायला सांगायच्या, तिच्या घरात. तिची भुई अशी की सांडलेलं पीठ तिथनंच उचलून मळावं. गाव उठून वावरात खोप्या घालून राहिलं, पण आठव्या दिवशी तिच्या नऊ वर्षांच्या कौसीच्या काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी पोर गेली.

फाल्गुनात उन्हं तापली, आजार सरला. लोकांनी घरं उघडली, भिंती पोतारल्या, भुया सारवल्या. द्वारकाबाईनं केरसुणी हातात घेतली की दोन हात मारायची, कोपऱ्यात काही काळं दिसलं की टाकून बाहेर पडायची. ओट्यावरून विहिरीवर, विहिरीवरून वावरात. तीन महिन्यांची धूळ तशीच. संतराम पहिल्यांदा समजुतीनं बोलला, मग चिडून बोलला, मग बोलायचाच थांबला.

अशात कुरुंद्याहून इवाई आले. थोरली लेक आशाबाई तिथं दिलेली, पहिलटकरीण, सातवा संपत आलेला. ग्यानबा इवाई भला माणूस. ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि त्याची नजर एकदा आत फिरून आली. कणगीखाली जाळी, भुईचे पोपडे सुटलेले.

“इवाई, राग मानू नका,” तो संतरामला म्हणाला. “आमच्या घरची म्हणते, सुनेचं बाळंतपण आमीच करतो.”

दाराआडून द्वारकाबाई म्हणाली, “पहिलं बाळंतपण माहेरातच व्हतं, इवाई.”

“व्हतं ना बाई. पोरगी बी तुमच्याच नावानं डोळे पुसून राहिली. पर हे घर बघून माझं मन धजत न्हाई.” तो उठला. “धाडायचं ठरलं तर पाडव्याच्या दिशी गाडी जुंपतो. तवर काय ते कळवा.”

तो गेल्यावर द्वारकाबाईनं केरसुणी उचलली, ठेवली, परत उचलली आणि तशीच हातात घेऊन गल्लीत गेली. तिथं तिला तिच्या मोठ्या जावेनं, शकुबाईनं, गाठलं.

“केरसुणी घेऊन कुठं निगालीस?”

“अक्का, मला व्हत न्हाई. सगळं घर अंगावर येतं.”

“सगळं घर कोण सांगतंय तुला? आज निस्ता उंबरा सारव. बाकीच्याकडं बघू नको.”

तेवढा उंबरा सारवायला तिला दुपार झाली. चार वेळा उठली, चार वेळा परत बसली. दुसऱ्या दिवशी ओटा. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. वावरात गेली ती दिवस कलल्यावरच आली. चौथ्या दिवशी शकुबाई स्वतःच शेण कालवून बसली आणि दोघींनी मिळून चुलीची बाजू केली. भिंतींना पांढरी माती लागली. माळवदाच्या सवण्यातून, वरच्या झरोक्यातून, येणारा उजेड पुन्हा भुईवर पडलेला दिसायला लागला.

राहिला तो कणगीमागचा कोपरा. कौसी तिथं निजायची.

पाडव्याला दोन दिवस असताना दोघींनी जोर लावून कणगी सरकवली. मागून एक उंदीर सुटला, द्वारकाबाईच्या पायावरून गेला आणि भिंतीवर चढून आढ्यात दिसेनासा झाला. द्वारकाबाई पोतेरं टाकून अंगणात पळाली. 

शकुबाई दारात आली. “पळाला ना गं तो?”

“पळाला.”

“मंग झालं की. गेल्या टायमाला असे पळत व्हते का? गिरकी घेऊन पडत व्हते. हा चांगला खाऊनपिऊन हाय.”

द्वारकाबाई खाली बसली. तिनं मातीत बोटं रुतवली. मग म्हणाली, “अक्का, पहिला उंदीर मीच उचलला व्हता. शेपटीला धरून उकिरड्यावर टाकला. आन् त्याच हातानं कौसीची येणी घातली. हात धुतले का न्हाई, तेच आठवत न्हाई मला.”

 शकुबाई जवळ येऊन टेकली.

“माझ्या बी घरात दोन पडले. मी बी हातानंच टाकले. माझी लेकरं ऱ्हायली. ती काहून ऱ्हायली आन् तुझी काहून गेली, मला तरी कुठं ठावं?”

 मग द्वारकाबाई रडली, आजारानंतर पहिल्यांदा जावेपुढं मोठ्यानं. रडणं ओसरल्यावर ती आत गेली आणि तो कोपरा तिनं एकटीनं सारवला. शकुबाई दारातच थांबली होती.

संतरामनं त्याच दिवशी कुरुंद्याला सांगावा धाडला. पाडव्याला दुपारची गाडी आली. आशाबाई पोट सावरत उतरली, घरात आली, चारी भिंतींकडं बघून घेतलं आणि आईला विचारलं, “कौसीचं आंथरूण कुठं असायचं?”

द्वारकाबाईनं कणगीकडं बोट केलं.

“माझी बाज तिथंच टाक.”

 संतराम बाज आणायला गेला. ग्यानबा ओट्यावर गुळपाणी घेऊन रिकामी गाडी परत घेऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच द्वारकाबाई सारवायला बसली. अर्ध्यावर आली आणि तिला राहवेना. हात तसेच शेणाचे, ती गल्लीत आली.

शकुबाई सडा टाकत होती. “कुठं निगालीस?”

द्वारकाबाईनं वावराच्या वाटेकडं पाहिलं. “कुठं न्हाई,” ती म्हणाली. “शेण वाळंल,” म्हणत आत वळली आणि उरलेली भुई धरली. त्या सकाळी ती अर्ध्यातून उठली ती एकदाच.